भूमिकेचा हिशेब

१९४० साली मराठीत नटांची दोन पुस्तकं निघाली. एक गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’ आणि दुसरं शांता आपटेंचं ‘जाऊ मी सिनेमात?’. पहिल्याचं नाव अजून लोक घेतात. दुसरं मागितलं तर ग्रंथपाल आधी आपल्याकडे बघतो आणि मग यादी चाळायला लागतो. मला मात्र ही दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय नटांच्या आठवणींबद्दल बोलताच येत नाही.

बोडस तेव्हा साठीला टेकले होते. किर्लोस्कर मंडळीत नाव कमावलेलं, १९१३ साली बालगंधर्व आणि गोविंदराव टेंबे यांच्या जोडीनं गंधर्व नाटक मंडळी काढलेली. ‘मानापमान’मधला लक्ष्मीधर, ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव, ‘एकच प्याला’मधला सुधाकर ही त्यांची कामं पाहिलेली पिढी तेव्हा हयात होती. ते लिहितात ते बैठकीत लोडाला टेकून सांगणाऱ्या माणसासारखं. नाटक कसं बसलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, कंपनीच्या डोक्यावर कर्ज कसं चढलं. भागीदार राहिलेला नट आहे, त्यामुळे तक्रारीतही मालकीचा सूर लागतो.

शांताबाईंची तऱ्हा निराळी. वय तरुण, पाठीशी ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘गोपाळकृष्ण’ यांसारखे चित्रपट, आणि १९३९ साली करारावरून खटका उडाल्यावर प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातल्या फाटकाशी धरलेलं उपोषण. ‘कुंकू’तली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी संसार करायला नकार देते, ते बघून थिएटरात टाळ्या पडल्या. तीच नटी स्टुडिओच्या दारात बसली तेव्हा टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक आलं. त्यात गोड आठवणी शोधू नयेत. सिनेमात यायला निघालेल्या मुलींना ती सांगते, आधी बघा पैसा कुणाच्या हातात असतो, करारानं कोण बांधलं जातं, आणि श्रम कुणाचे. नटानं आपल्या भूमिकेबद्दल बोलायचं म्हणजे आपल्या कामाबद्दल बोलायचं, मजुरीसकट, हे मराठीत तिनं फार लवकर सांगून ठेवलं. आपण ऐकलं बोडसांचं. पुढची नटांची बरीचशी पुस्तकं त्यांच्या वाटेनं गेली.

त्या वाटेवरही चांगली पुस्तकं झाली, हे कबूल. चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ घ्या. त्याला १९५८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘भावबंधन’मधला घनश्याम करणारा हा माणूस, मास्टर दीनानाथांबरोबर बळवंत संगीत मंडळी चालवणारा. या मंडळींनी बोलपटाच्या लाटेत उडी घेतली, ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला आणि त्यात हात पोळून घेतले. नाटकवाल्यांच्या त्या पिढीत सिनेमा अनेकांच्या घरी असा कर्जाच्या रूपानंच आला.

टेंबे मात्र सिनेमात रमले. ६ फेब्रुवारी १९३२ला लागलेल्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये ते हरिश्चंद्र होते आणि तारामती दुर्गा खोटे. दुर्गाबाईंनी पन्नास वर्षांनी, १९८२ साली, ‘मी, दुर्गा खोटे’ लिहिलं. नामांकित घरातली, शिकलेली, लग्न झालेली बाई सिनेमात गेली याचं त्या काळी काय झालं असेल ते सांगायला नको. ‘फरेबी जाल’ या पहिल्याच चित्रपटात त्यांचं काम चिमूटभर होतं, पण बोभाटा भरपूर झाला. पुढे दिग्दर्शक व्ही. शांताराम त्यांना कोल्हापूरला घेऊन गेले. ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी असा दोनदा घेतला गेला. शॉट मराठीत द्यायचा, तोच पुन्हा हिंदीत. पार्श्वगायन यायचं होतं, त्यामुळे गाणंही तिथल्या तिथे, स्वतःच्या गळ्यानं, कॅमेऱ्यासमोर. तारामतीचा शोक दोन भाषांत करायचा म्हणजे दोनदा रडायचं. पुढे ‘मायामच्छिंद्र’मध्ये त्यांच्याजवळ खराखुरा चित्ता होता. आज एखाद्या नटीनं असं काही केलं तर त्यावर वेगळा माहितीपट निघेल.

दुर्गाबाईंच्या पुस्तकात मला आवडतो तो त्यांचा कामकरी सूर. घर चालवायचं होतं, दोन मुलं होती, म्हणून कामं घेतली, हे त्या कुठेही मखरात बसवत नाहीत. ‘मुघल-ए-आझम’ची जोधाबाई झाल्यावर, ‘बॉबी’ची आजी झाल्यावर त्यांच्याच निर्मितिसंस्थेनं १९८८ साली दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ काढली. मूकपटाच्या शेवटापासून मालिकांच्या सुरुवातीपर्यंत सगळं एका बाईच्या आयुष्यात मावलं.

आता ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्याकडे वळू. १९३६चा ‘संत तुकाराम’. विष्णुपंत पागनीस मूळचे नाटकात स्त्रीभूमिका करणारे. असा नट तुकाराम कसा शोभेल, ही शंका प्रभातमध्येच काहींना होती. चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक चालला, व्हेनिसला गौरवला गेला, आणि पागनीसांना लोक रस्त्यात वाकून नमस्कार करू लागले. मग ते तुलसीदास झाले, नरसी भगत झाले, संतपदातून त्यांना कुणी बाहेर येऊच दिलं नाही. १९४३ साली ते गेले. ‘संत तुकाराम’मध्ये त्यांच्यासमोर उभी आहे गौरी, तुकोबांची जिजाई. स्टुडिओत किरकोळ कामं करता करता वर आलेली बाई. माझ्या मते त्या चित्रपटात तिच्याइतकं खरं कुणीच नाही. म्हैस, पोरं, रिकामी मडकी आणि विठ्ठलावरचा तिचा राग हे सगळं बघताना ती अभिनय करतेय हे विसरायला होतं. पागनीसांबद्दल लिहिणारे मिळाले. गौरीला जाऊन कुणी विचारलं नाही की बाई, ही जिजाई तू कुठून आणलीस?

विचारलं नाही, हे मला इतकं बोचतं कारण विचारणं हेच माझं काम होतं. पुण्यात एका मासिकात मी उपसंपादक होते. दिवाळी अंकासाठी नटनट्यांकडे जाऊन टेप करून आणायचं आणि त्याचं शब्दांकन करायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण पुरुष सहकाऱ्यांना ते हलकं वाटे. कवितांची पानं त्यांची, सिनेमा माझा. श्रावण लागला की मी साठ मिनिटांच्या कॅसेटी पर्समध्ये टाकून निघायची. एक बाजू तीस मिनिटांची, आणि बोलणारा रंगात आला की नेमकी तेव्हाच बाजू संपायची.

कोल्हापूरकडच्या एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. तमाशापटांच्या भरात त्यांनी पुष्कळ कामं केलेली. मी शहाण्यासारखी प्रश्नांची यादी घेऊन गेले. भूमिकेशी तुम्ही एकरूप कशा होत होता? त्यांनी पानाचा डबा पुढ्यात ओढला.

“एकरूप कसलं गं पोरी! पायात चाळ, डोक्यावर दिवे, अंगावर नऊवारी, आणि गाणं तुकड्यातुकड्यानं. कॅमेरा हलवायचा म्हंजे तास. तेवढ्या वेळात चाळ सोडायचे न्हाईत, पुन्हा बांधायला वेळ जातोय म्हणून. रात्री पाय असे टम्म. दुसऱ्या दिवशी त्याच पायांनी हसत नाचायचं.”

मग त्यांनी हिशेब सांगितला. निम्मे पैसे हातात आणि निम्मे पिक्चर लागल्यावर. “आणि पिक्चर लागलंच न्हाई तर?” असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. कोणत्या भूमिकेचे पैसे बुडाले हे त्यांना भूमिकेच्या नावासकट पाठ होतं. एका चित्रपटाची कथा त्यांना नीट आठवेना, पण त्यातल्या शालूची किनार आठवत होती. मी सगळं उतरवून आणलं. संपादकांनी पाय ठेवले आणि पैसे काढले. “दिवाळी अंकात हिशेब नको,” म्हणाले.

अशा मुलाखती करत गेले तसं माझं मत पक्कं झालं. नटाला भूमिका आठवते ती आधी अंगातून आणि खिशातून. मनातून आठवते ती नंतर, कुणी तसं विचारलं म्हणून. आपण वाचक त्या तिसऱ्या गोष्टीच्या मागे असतो आणि छापणारे आपल्याला तीच पुरवतात. म्हणून नटांच्या आठवणींत किती खरं उतरलं, हे बरंचसं ऐकणारा कोण होता यावर ठरतं.

चांगला ऐकणारा मिळाला तर काय होतं त्याचा दाखला म्हणजे हंसा वाडकर. शाळेच्या वयात १९३६च्या ‘विजयाची लग्ने’मधून पडद्यावर आल्या. बॉम्बे टॉकीज झालं, प्रभातमध्ये ‘संत सखू’ आणि ‘रामशास्त्री’ झाले, ‘लोकशाहीर राम जोशी’मधल्या बयेनं त्यांना घरोघरी पोचवलं. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा, तो पुण्यात विजयानंद थिएटरला शंभरावर आठवडे चालला. त्याच चित्रपटाचं नाव त्यांच्या आत्मकथनाला दिलं गेलं. ते आधी ‘माणूस’ या नियतकालिकात आलं आणि १९७० साली ‘राजहंस’नं पुस्तक काढलं. बाई बोलल्या, उतरवून घेतलं अरुण साधूंनी.

त्या पुस्तकात अभिनयकलेवर प्रवचन नाही. घराला पैसे हवेत म्हणून काम, कामावरून घरी आलं की संशय, पुन्हा काम. दारू, पळून जाणं, परत येणं. कुठेही स्वतःची बाजू मांडण्याची धडपड नाही आणि रडगाणंही नाही. वाक्यं लहान, जवळजवळ कोरडी. या कोरडेपणाचं श्रेय कुणाचं, हे शब्दांकन केलेल्या माणसालाच कळेल. बोलणारा माणूस असा सरळ बोलत नसतो. तो मागे जातो, पुढे येतो, मध्येच चहा मागवतो, मग रडतो. साधूंनी हे सारं निस्तरलं आणि वर स्वतःचा आवाज कुठेही मिसळू दिला नाही. लेखणी हातात असलेल्या माणसाला एवढा संयम जड जातो. मी स्वतः कित्येकदा एखादं झकास वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडी घालायचा मोह कसाबसा आवरलाय. पुढे साधूंनी ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ काढला. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस सगळ्यांचं ऐकत फिरतो. हा दिगू साधूंना कुठून सुचला ते कादंबरीचे अभ्यासक सांगतील, मला मात्र तो बघताना हटकून ‘सांगत्ये ऐका’ची आठवण होते.

हंसाबाईंच्या पुस्तकाचं नशीब आणखी पुढे गेलं. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका नटीनं आपल्या कामांची आणि संसाराची हकिगत सांगितली, तीच दुसऱ्या नटीची सर्वांत गाजलेली कामगिरी ठरली. आज हंसा वाडकर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे स्मिताच येते, याला इलाज नाही. कांचन घाणेकरांच्या ‘नाथ हा माझा’चंही तेच झालं. पुस्तक बायकोनं लिहिलं, आणि २०१८ सालच्या चित्रपटात काशिनाथ घाणेकर झाला सुबोध भावे. भावेनं ‘घेई छंद’मध्ये आपल्या गाजलेल्या भूमिकांबद्दल लिहिलंय. म्हणजे नटाच्या आठवणीवरून भूमिका, आणि त्या भूमिका करणाऱ्याच्या पुन्हा आठवणी. हे चक्र आता थांबणारं नाही.

पुरुष नटांत भूमिकेबद्दल सर्वांत गंभीरपणे लिहिलं ते डॉ. श्रीराम लागूंनी. कान-नाक-घशाचा शल्यविशारद, आफ्रिकेत नोकरी करून आलेला, १९६९ साली बेचाळिसाव्या वर्षी व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाला. त्यांचं ‘लमाण’ हे पुस्तक वाचताना डॉक्टर जाणवतो. भूमिका टेबलावर घेतलीय आणि कुठे चिरायचं ते ठरवतोय. नटानं दुसऱ्याचा माल इमानानं वाहून न्यावा, ही त्यांची भूमिका त्या नावातच आहे. पण मला त्या पुस्तकाबद्दल एक खंत आहेच. नाटकांना त्यात जी ऐसपैस जागा मिळते ती सिनेमाला मिळत नाही. ‘पिंजरा’तला मास्तर आणि ‘सामना’तला मास्तर, एक घसरत जाणारा आणि एक दारूत बुडूनही ताठ राहिलेला, या दोघांवर मी त्यांच्याकडून शंभर पानं आनंदानं वाचली असती. आणि हिंदीतल्या त्या असंख्य न्यायाधीश, वडील नि पोलीस अधिकाऱ्यांवरही. एका सेटवरून दुसऱ्या सेटवर जाताना तोच कोट घालणाऱ्या नटाच्या डोक्यात काय चालतं, हे कळायला हवं होतं. मराठी नट नाटकाबद्दल बोलताना ताठ बसतो आणि सिनेमाबद्दल बोलताना थोडा ओशाळतो, ही आपली जुनी खोड.

‘सामना’तच समोर निळू फुले होते. राष्ट्र सेवा दलातून आलेले, पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेले. ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णानंतर खेड्यातल्या बायका त्यांना बघून शिव्या घालत, आणि ते हे मुलाखतींत मजेनं सांगत. पावतीच ती. पण पडद्यावर सरपंच, पाटील, साखर कारखान्याचा चेअरमन म्हणून जो माणूस त्यांनी उभा केला, तशा माणसांविरुद्धच त्यांची प्रत्यक्षातली सगळी धडपड होती. ही विसंगती त्यांच्या कुठल्याही एका खलनायकापेक्षा मोठी आहे. त्यांच्या आवाजाची नक्कल गल्लीतलं पोर करतं. त्या नकलेमागे सत्तेचा किती बारीक अभ्यास होता, ते फार कमी जणांनी विचारलं.

एका भूमिकेनं आयुष्यभर पिच्छा पुरवल्याचं उदाहरण म्हणजे माधव वझे. १९५३च्या ‘श्यामची आई’तला श्याम. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक झाले, त्यांनी हॅम्लेट दिग्दर्शित केला, पण समारंभात ओळख करून देताना सूत्रसंचालक श्यामवरच यायचा. त्यांनी त्यावर चिडून न बसता ‘श्यामची आई, आचार्य अत्रे आणि मी’ हे पुस्तक लिहिलं. लहानपणी केलेल्या एका कामाकडे प्रौढ समीक्षकानं वळून बघावं, असं मराठीत दुसरं काही मी वाचलेलं नाही.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हा पिच्छा घराघरांत शिरला. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये पडद्यावर येऊन गेले होते. तेव्हा दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले, आणि जुनी जोडी पुसली गेली. सिनेमातला नट थिएटरात राहतो, मालिकेतला आपल्या जेवणाच्या ताटासमोर येऊन बसतो. बाळ कर्व्यांना लोक शेवटपर्यंत गुंड्याभाऊच म्हणत राहिले. प्रभावळकर मात्र दर वेळी निसटले. ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, मुन्नाभाईचे गांधी, आणि स्वतःच्याच ‘अनुदिनी’ या सदरातून उभे राहिलेले टिपऱ्यांचे आबा. ‘एका खेळियाने’मध्ये त्यांनी या सोंगांची घडण सांगितलीय. लेखक आणि नट एकच असल्यामुळे मध्ये शब्दांकन करणाऱ्याची गरजच उरली नाही. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं वाईट, पण पुस्तक चांगलं.

माझं अडतं ते रोजच्या मालिकांपाशी. रोहिणी हट्टंगडींनी १९८२च्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा केली, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. त्या भूमिकेबद्दल त्यांना विचारलं तर सांगण्यासारखं भरपूर आहे आणि त्यांनी ते सांगितलंही आहे. पण ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग झाले. २००१ ते २०१३. अकरा वर्षांची एक भूमिका. तिला सुरुवात होती, मध्य नव्हता, आणि शेवट वाहिनी ठरवणार. अशा भूमिकेच्या आठवणी कशा सांगायच्या? पानं सेटवर येतात, कधी शॉटच्या आधी तासभर. टीआरपी पडला की ट्रॅक बदलतो आणि कालपर्यंत सोशीक असलेली सून आज कारस्थानी होते. नटानं ते का केलं असं विचारायला जागाच नसते. ‘बँकेत’, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या साठ्यात, भाग शिल्लक नसले की रात्र सेटवर जाते, आणि मेहनताना हातात यायला तीन-तीन महिने लागतात हे त्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे कोल्हापूरच्या त्या बाईंची ‘निम्मे नंतर’ची पद्धत फारशी बदललेली नाही, फक्त आता बिल काढावं लागतं.

आमच्या इमारतीत मालिकांत काम करणारी एक मुलगी राहते. नायिकेच्या मावसबहिणीसारखी कामं करते. सेटवर निघण्याआधी ती एका वहीत लिहिते, कॉल किती वाजता, कोणती साडी, कोणते कानातले, कारण प्रसंगाचं चित्रीकरण मध्येच तुटलं तर तेच पुन्हा घालावे लागतात. रात्री आली की त्याच पानावर तास लिहिते आणि बिलाची तारीख. मी वही मागून घेऊन चाळली. एका ओळीत फक्त ‘आज मेले’ लिहिलं होतं, आणि खाली, ‘पुढच्या आठवड्यात स्वप्नात येणार, तीच गुलाबी साडी’.

“मावशी, ह्यात काय वाचण्यासारखं आहे?” तिनं विचारलं. मी म्हटलं, शांता आपटे वाच. तिनं फोनवर नाव टिपून घेतलं आणि विचारलं, कोणत्या मालिकेत होत्या?